अनुमोदक

ग्रामसभेच्या सूचनेवर सकाळी अकराची वेळ होती, म्हणून मी साडेदहालाच प्रोजेक्टर उचलून ग्रामपंचायतीच्या सभागृहात हजर झाले. असला वेंधळेपणा बोरखडी गावात कोणी करत नाही, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात उभ्या होत्या. शिपायानं दार उघडलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो निघून गेला.

ग्रामसेवक दहिफळे भाऊसाहेब आले ते बारा वाजायच्या सुमाराला, डोक्याचा रुमाल सोडत.

"मॅडम, हे आज कशाला आणलं?"

"आज सभा आहे ना?"

"आहे. पण आज होणार नाही."

भाऊसाहेब समजूतदार माणूस. त्यांनी एक खुर्ची ओढून मला दिली, एक स्वतः घेतली आणि मला गावचा कारभार शिकवला. सभेला ठरावीक माणसं जमावी लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. ती झाली नाही की सभा तहकूब करायची. मग आठवड्यानं तीच सभा पुन्हा घ्यायची, तेच विषय, पण त्या सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणून सगळं गाव येतं ते तहकूब सभेला. पहिल्या सभेला यायचं ते कशासाठी?

"मग पहिलीला कोणीच येत नाही?"

"एक येतात," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी दाराकडे बघितलं.

दारात एक म्हातारबा उभे होते. धुतलेलं धोतर, टोपीला कडक इस्त्री, पायातल्या चपला बाहेर नीट जोडीनं काढलेल्या. आत येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं एक खुर्ची सोडवली, पहिल्या रांगेची जागा असेल तिथं मांडली आणि बसले. समोर टेबल, मागं रिकामं सभागृह.

"या सोनाजी आबा," भाऊसाहेब म्हणाले. "ह्या मॅडम. पुण्याच्या संस्थेच्या. सौर प्रकल्पाचं काम बघतात."

"मंग सांगा की मॅडम," आबा म्हणाले. "ऐकाया आलोय."

एका माणसासाठी मी सगळं सांगितलं. माझी ती पहिलीच स्वतंत्र कामगिरी, सांगितल्याशिवाय राहवणार थोडंच! गावाशेजारचं औष्णिक केंद्र, ज्याला सगळे 'थर्मल' म्हणत, ते बंद होत चाललं होतं. थर्मलच्या करावर पंचायत जगत होती. तो कर आटला, नळयोजनेचं वीजबिल थकलं, वीज तुटली, आणि विहिरीला पाणी असून गाव हापशावर रांगा लावत होतं. आमची संस्था अशा पंचायतींना आराखडा करून द्यायची आणि पैसा उभा करून द्यायची. विहिरीजवळ सौर पॅनल बसवायचे, पंप त्यावर चालवायचा, उरलेली वीज दिवाबत्तीला. निधी मंजूर होता. फक्त जागा आणि जागेचा ग्रामसभेचा ठराव महिनाअखेर हवा होता. नाहीतर निधी दुसऱ्या गावाला जाणार होता.

"जागा कुठली धरली?" आबांनी विचारलं.

"तीच अडचण आहे. गायरानावर घरं झालीत."

"माझी हाय ना. हिरीच्या अंगाला. नुसता मुरूम, कुसळ उगवत न्हाई. घ्या."

मी आनंदानं भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेब छताकडे बघत होते.

"भाडं तुमच्या नियमानं काय असंल ते द्या," आबा म्हणाले. "माझं एकच मागणं हाय. ठराव मी मांडणार. सूचक म्हणून माझं नाव. आन् भरल्या सभेत गावातल्या कुणी एकानं अनुमोदन द्यायचं. एकानं. बास."

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच," आबा म्हणाले.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचं त्या रिकाम्या खुर्च्यांना मोठ्यानं सांगितलं. आबा उठले, आपली खुर्ची परत कोपऱ्यात नेऊन लावली आणि गेले. त्यांना बाहेर रस्त्यावर दोन माणसं भेटली. ती दोघं बोलत होती ती बोलतच राहिली, आबा जणू तिथं नव्हतेच.

"तुम्हाला सोपं वाटलं ना?" भाऊसाहेब म्हणाले. "गाव त्यांच्याशी बोलत नाही, मॅडम. वीस वर्षं झाली."

"म्हणजे वाळीत टाकलंय? त्याला कायदा आहे."

"वाळीत कोण म्हणतंय? नुसतं बोलत नाहीत. न बोलण्याला कुठला कायदा? मी इथं नवा. किशन तात्यांना विचारा, त्यांना सगळं पाठ आहे."

किशन तात्या घुगे गावातलं बडं प्रस्थ. सरपंच मंदाताई नागरगोजे खुर्चीत बसायच्या, पण कुठलाही विषय आला की आधी तात्यांच्या मिशीकडे बघायच्या. तात्यांची वसरी प्रशस्त, आवाज त्याहून प्रशस्त. मी सोनाजी आबांचं नाव काढलं आणि त्यांनी पानाची चंची बाजूला सारली.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, मॅडम! ऐकलंय का कधी? थर्मलला राखंच्या तळ्यासाठी आमची जमीन पायजे होती. गावानं मारुतीपुढं शपथ घेतली, कुणी संमतीवर सही करायची न्हाई. भाव वाढवून मिळाल्याबिगर न्हाई. आन् आठ दिसांत ह्यो बाबा गेला तालुक्याला, भूसंपादनच्या हापिसात, आन् सही ठोकून आला. एकानं सही केली की झालं. साहेब लोकांनी मंग गावातच शिबिर लावलं मारुतीच्या पारावर, आन् समद्यांच्या सह्या घेतल्या पडत्या भावानं."

"का केली त्यांनी सही?"

"बायको आजारी म्हणं. आजारी कुणाची नसती? ती बी जगली न्हाई. शेवटी काय? गावाची माती केली." तात्यांचा आवाज चढला. "वरच्या मजल्यावर खोली, साहेबाच्या डोक्यावर पंखा, त्याला पाती दोनच, खडखड वाजतोय, आन् हा त्या पंख्याखाली बसून गाव विकतोय! इच्यार करा!"

मी विचार केला. गोष्ट ऐकणाऱ्याला ती खोली डोळ्यासमोर दिसावी, असं तात्या बोलत.

"पण आता पाण्याचा प्रश्न आहे, तात्या. तुम्ही अनुमोदन दिलंत तर—"

"मी?" तात्या उभेच राहिले. "त्याच्या जमिनीवरचं पाणी मला नरड्याखाली उतरायचं न्हाई. दुसरं कुणी देत असंल तर बघा."

मी बघितलं. चार दिवस घर न् घर पालथं घातलं. सगळ्यांना नळाला पाणी हवं होतं, सगळ्यांना जागा पसंत होती, हात वर करायला सगळे तयार होते. फक्त अनुमोदक म्हणून नाव द्यायला कोणी तयार नव्हतं. एकाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यात विघ्न नको. एकाचा भाऊ लातूरला, त्याला विचारून सांगतो. एक बाई म्हणाली, तुमचं बरोबर आहे बाई, पण हळदीकुंकवाला माझ्याकडं कोण येईल? मंदाताईंनी तर सुटकेचा निःश्वास टाकून सांगितलं की त्या सभेच्या अध्यक्ष, अध्यक्षाला अनुमोदन देता येत नाही. खरं होतं ते. आणि मला मत नव्हतं, कारण माझं नाव मतदारयादीत नव्हतं. गाव करी ते राव न करी म्हणतात, इथं गाव मिळून एक नाव देऊ शकत नव्हतं.

माझा मुक्काम थर्मलच्या वसाहतीतल्या विश्रामगृहात होता. बाकीचे क्वार्टर रिकामे. दारांवर नावाच्या पाट्या होत्या, आत माणसं नव्हती. संध्याकाळी मी पायरीवर बसायची आणि सवयीनं फोन हातात घ्यायची. माझी आई त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेली होती. दिवसभरात काय झालं ते सांगायला मला तेवढं एकच माणूस होतं, हे ती गेल्यावर कळलं. फोन हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसून राहायची. मग खिशात ठेवून द्यायची. त्या वसाहतीत मला फार एकटं वाटलं.

सभेच्या दोन दिवस आधी मी आबांच्या घरी गेले. माफी मागायलाच खरं तर. घर गावाच्या टोकाला, अंगण झाडलेलं. आबांनी चुलीवर चहा ठेवला. त्यांना चहा करताना बघून कळत होतं की दुसऱ्या कपाला हात लागून बरेच दिवस झालेत. त्यांनी तो दोनदा विसळला.

"कोणी तयार होत नाही, आबा. तुम्ही ती अट सोडा ना. ठराव तर होऊ दे."

"जागा फुकट घ्या म्हणलं तरी देतो. ही अट न्हाई सुटायची." ते जराही रागावले नव्हते. "मी काय मोठं मागतोय का? गावातल्या एका माणसानं गावासमोर म्हणायचं, हा बोलला ते मला मान्य हाय. रामराम घातला तर कुणी घेत न्हाई, मॅडम. वीस वर्सं. पोरगी लातूरकडं दिलीया, ती म्हणती इकडं या. पर मेल्यावर गावाच्या मातीत जायचं आन् जित्तेपणी गाव सोडायचं, हे मला पटंना."

"म्हणून पहिल्या सभेला येता?"

"भरल्या सभेला गेलो तर माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहत्यात. पहिल्या सभेला समद्याच रिकाम्या असत्यात. तिथं तेवढं टोचत न्हाई."

मी चहाचा घोट घेतला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "मी किशन तात्यांकडेसुद्धा जाऊन आले."

आबांची मान वर झाली. "किशनाकडं? काय म्हणला?"

"जुनंच सगळं. तुमची सही, ती खोली, साहेबांच्या डोक्यावरचा पंखा. खडखड वाजणारा, दोन पात्यांचा."

"दोन पात्यांचा म्हणला?"

"हो."

आबांनी चुलीतलं लाकूड मागंपुढं केलं. मग हसल्यासारखं केलं. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते.

"किशन भेटला तर एक निरोप द्याल? म्हणावं, मागं सोनाजी तालुक्याला गेला होता. त्या पंख्याला आता तीन पाती हायत."

म्हाताऱ्या माणसांची काहीतरी जुनी थट्टा असेल असं मला वाटलं. परतीच्या वाटेवर तात्या वसरीवरच होते. मी निरोप जसाच्या तसा दिला.

तात्यांनी पान तोंडात घातलं होतं. ते चावायचे थांबले. "अजून काय म्हणला?"

"एवढंच."

"रागानं म्हणला?"

"नाही. हसत होते."

तात्या उठून घरात गेले. मला या बसा नाही, चहा नाही. मी आपली पालथ्या घड्यावर आणखी एक तांब्या ओतून विश्रामगृहावर आले.

तहकूब सभेला गाव लोटलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, बाया खाली सतरंजीवर, पोरंसोरं खिडकीत. सोनाजी आबा आले नव्हते. त्यांनी भाऊसाहेबांकडे सही केलेला अर्ज तेवढा पाठवला होता. मी प्रोजेक्टर लावला, पॅनल दाखवले, पंप दाखवला. नळाला पाणी येईल म्हटल्यावर बायांनी टाळ्या वाजवल्या. मग भाऊसाहेबांनी ठराव वाचला, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"सूचक, सोनाजी तिडके. अनुमोदक?"

कोणी हललं नाही. टाळ्या वाजवणारे हात पदराखाली गेले. मंदाताई टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होत्या.

"अनुमोदक?" भाऊसाहेबांनी पुन्हा विचारलं. "कोणी नसेल तर ठराव बारगळला म्हणून लिहावं लागेल."

मागून किशन तात्या उठले. सभागृहात हायसं वाटल्याची कुजबुज झाली. आता तात्या चार शब्द सुनावणार आणि विषय संपणार. पाणी गेलं, निधी गेला, आणि त्या म्हाताऱ्याचं एवढंसं मागणंही गेलं.

"माझं नाव लिव्हा," तात्या म्हणाले.

भाऊसाहेबांना कळलंच नाही. "कशात, तात्या?"

"अनुमोदक म्हणून." मग ते वळले, गावाकडे तोंड करून. त्या दिवशी त्यांचा आवाज प्रशस्त नव्हता. "पहिली सही सोनाजीची, हे समद्यांला ठावं हाय. दुसरी कुणाची, हे कुणी इचारलं का? समदे म्हणत्यात पारावरच्या शिबिरात झाल्या. एक शिबिराच्या आधी झाली. त्याच दिशी, त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली. ती माझी."

"तात्या, काय बोलताय!" कोणीतरी ओरडलं.

"तो जिना उतरत होता, मी चढत होतो. तोंडावर उपरणं घेतलं होतं. मला वाटलं त्यानं वळखलं न्हाई. घरी आलो आन् समद्यांच्या आधी मीच त्याच्या नावानं बोंब मारली. तवा दुसरा मीच होतो. आज बी दुसरा मीच. लिव्हा, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी लिहिलं. हात वर करा म्हटल्यावर एकेक करत हात वर आले, कारण पाणी सगळ्यांनाच हवं होतं. ठराव मंजूर झाला. तात्या बसायला गेले तेव्हा त्यांच्या शेजारची दोन माणसं उठून मागं जाऊन उभी राहिली होती. मला ते दिसलं, पण त्या आनंदात मी ते मनावर घेतलं नाही.

मी धावतच विहिरीकडे गेले. आबा त्यांच्या मुरमाड तुकड्यात एका दगडावर बसले होते. मी सगळं सांगितलं. नाव ऐकल्यावर त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"उपरण्यानं तोंड झाकतं, मॅडम. चाल कशानं झाकायची? लहानपणापासून संगं ढोरं राखली आमी. आन् तो पंखा त्या खोलीत गेल्याबिगर दिसत न्हाई."

"मग गावाला सांगितलं का नाहीत? वीस वर्षं!"

"सांगून काय झालं असतं? मी सुटलो नसतो. आमी दोघं पडलो असतो." आबा विहिरीकडे बघत होते. "एकटं पडायला एकच माणूस पुरतो. दोन कशाला वाया घालवायचे?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मीही रडले. पण माझं रडणं आनंदाचं होतं, गोष्ट गोड झाली म्हणून. त्यांचं कशाचं होतं ते मला समजायला पुढं वेळ लागला.

पॅनल बसले, पंप चालू झाला, नळाला पाणी आलं. माझ्या कामाचं कौतुक झालं आणि मला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं. बोरखडीला पुन्हा जायला चार वर्षं लागली. प्रकल्प कसा चाललाय ते पाहून अहवाल द्यायचा होता. योगायोगानं त्याच दिवशी ग्रामसभा होती. पहिली. आता मी शहाणी झाले होते, तरी मुद्दाम वेळेवर गेले. आबा भेटतील म्हणून.

सभागृहासमोरच्या नळावर दोन बाया गप्पा मारत घागरी भरत होत्या. आत, पहिल्या रांगेच्या जागी एकच खुर्ची, तिच्यावर पाठमोरी टोपी. टेबलापाशी नव्या ग्रामसेविका बसल्या होत्या. तरुण मुलगी.

"आबा," मी हाक मारली.

टोपी वळली. किशन तात्या होते. मिशी पांढरी झाली होती, आणि ते बरेच लहान दिसत होते.

"आबा गेला, मॅडम. पौषात. झोपेतच."

मी त्यांच्या मागं उभी राहिले.

"समदं गाव आलं मातीला," तात्या म्हणाले. "लई गर्दी. ठराव झाल्यापासून गाव बोलायला लागलं होतं त्याच्याशी. रामराम घ्यायचे. लग्नाच्या पत्रिका यायच्या त्याला."

"आणि तुमच्याशी?"

बाहेर नळावरच्या बायांपैकी एकीनं आत डोकावून ग्रामसेविकेला काहीतरी विचारलं, उत्तर घेतलं आणि गेली. तात्या तिथं नव्हतेच जणू.

"गावाला एक माणूस लागतोच," तात्या म्हणाले. "एक आबाच बोलायचा माझ्याशी. ह्या सभेला यायचा मुद्दाम. गाव बोलत होतं, त्याला भरल्या सभेत जायला कोण अडवत होतं? पर पहिल्या सभेलाच यायचा. हितं त्याची खुर्ची असायची, शेजारी माझी. काय बोलणार, ढोरं राखायच्या वक्ताच्याच गोष्टी."

"तात्या, काही विषय मांडायचाय का?" ग्रामसेविकेनं हळूच विचारलं. "नाहीतर तहकूब करते."

"मागचाच हाय. हिरीवरच्या सौर प्रकल्पाला सोनाजी तिडके ह्यांचं नाव द्यावं. सूचक मी."

"मागच्या दोन्ही वेळी तो बारगळला, तात्या. तहकूब सभेत कोणी अनुमोदक—"

"ठावं हाय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमचं नाव अजून इथल्या मतदारयादीत न्हाई ना, मॅडम?"

"नाही, तात्या."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "थांबतो मी."

ग्रामसेविकेनं गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचं जाहीर केलं. तात्या उठले नाहीत. मी कोपऱ्यातून एक खुर्ची सोडवून आणली आणि त्यांच्या शेजारी मांडून बसले.